तुटक प्रतिसाद आणि त्याची चिकित्सा

महाळुंगे हे मुळा नदीकाठचे गाव. मुळशी धरणातून विसर्ग वाढला की नदीचे पाणी चढते. अशी सूचना दाखविणारा इलेक्ट्रॉनिक फलक विद्यार्थ्यांनी तयार करावयाचे ठरविले, तर मायक्रोकंट्रोलरला ती माहिती वेबहुकद्वारे मिळू शकते. यंत्र एक घटना कळविते, मधला क्लाउड संबंधित सर्व्हरला विचारणा करतो व आलेला प्रतिसाद यंत्राकडे पोहोचवितो. मात्र हा प्रतिसाद कधी पूर्ण, कधी अर्धवट, तर कधी उलटसुलट येतो. 'नेट गेले असेल' एवढ्यावर थांबणे ही चिकित्सा नव्हे.

पार्टिकल कंपनीच्या फोटॉन या उपकरणाचे उदाहरण घेऊ. 512 बाइटपेक्षा मोठा प्रतिसाद त्याच्याकडे तुकड्यांनी येतो आणि ते तुकडे क्रमानेच येतील याची हमी नसते. मराठीत ही मर्यादा लवकर गाठली जाते. यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास 3 बाइट लागतात. मात्रा व अनुस्वार वेगळे मोजले जातात. म्हणून चार अक्षरी 'महाळुंगे' 24 बाइट व्यापते. तुकडा एखाद्या चिन्हाच्या मध्येच तुटू शकतो.

त्याहून गंभीर बाब अर्थाची आहे. मराठीत नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतो. 'पूल सुरक्षित नाही' यातील 'नाही' पुढील तुकड्यात राहिले, तर फलकावर 'पूल सुरक्षित' एवढेच उरेल.

यावर उपाय क्रमाने करावेत. प्रथम नोंदी पाहून विनंती निघाली काय, सर्व्हरने 200 हा संकेतांक दिला काय आणि किती तुकडे पोहोचले, हे तपासावे. सर्व्हरकडून आवश्यक तेवढीच माहिती मागवावी. प्रतिसादाच्या अखेरीस समाप्तिचिन्ह ठेवावे. तुकड्यांना 0 पासून क्रमांक असतात. त्या क्रमाने ते जोडावेत आणि समाप्तिचिन्हापर्यंतचे सर्व तुकडे मिळाल्यावरच अक्षरे वाचावीत. नव्या विनंतीपूर्वी जुने तुकडे पुसावेत. ठरलेल्या मुदतीत उत्तर पूर्ण न झाल्यास फलकावर 'माहिती अपूर्ण' असे स्पष्ट दाखवावे.

अपुऱ्या कागदपत्रांवरून निष्कर्ष काढू नये, हा इतिहासाच्या अभ्यासातील नियम यंत्रालाही लागू पडतो. फलकावर विसंबून पुलावर पाऊल ठेवणाऱ्या माणसाला अर्धे सत्य वाचवू शकत नाही. ज्यांच्या हातून उद्या अशी यंत्रे घडणार आहेत, त्या आपल्या मुलामुलींनी ही जबाबदारी आजच ओळखावी.