डोळ्याला वेग दिसत नाही

कापूरहोळला पुणे-सातारा महामार्गावरून एक रस्ता भोरकडे फुटतो, दुसरा नारायणपूर-सासवडकडे. या पट्ट्यात महामार्ग पायी ओलांडणारा माणूस येणाऱ्या गाडीकडे बघतो आणि म्हणतो, ‘लांब आहे, होईल.’ गाडी लांब आहे हे डोळा बरोबर सांगतो. ‘होईल’ हे मात्र तो ठोकून देतो. थेट अंगावर येणारी गाडी डावी-उजवीकडे सरकत नाही, नुसती मोठी होत जाते, आणि वेग ओळखायला डोळ्याकडे तेवढीच खूण असते. हिशेब मांडून बघा. पावणेदोन मीटर रुंदीची मोटार २०० मीटरवर पौर्णिमेच्या चंद्राएवढी दिसते. ताशी ९० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २५ मीटर, ती आली तर पहिल्या चार सेकंदांत दोन चंद्रांएवढी होते, पुढच्या दोनात चार आणि त्यापुढच्या एकातच आठ. म्हणजे निम्मा वेळ ती जवळपास जागच्या जागी वाटते, आणि पाऊल पडतं ते नेमकं तेव्हाच. तीन लेन म्हणजे साडेदहा मीटर. धडधाकट माणसालाही चालत आठ-नऊ सेकंद लागतात. गाडी पोचते आठ सेकंदांत.

यावर हमखास उत्तर येतं, ‘रोज ओलांडतो, नजर बसलीय.’ मला ते पटत नाही. नजर बसायला चूक कळावी लागते, आणि इथे आपली चूक समोरचा ड्रायव्हर ब्रेक दाबून परस्पर झाकतो. आपल्याला वाटतं, अंदाज बरोबर होता. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: क्षेत्ररक्षक उंच उडालेला झेल टिपतो, तो डोळ्याच्याच भरवशावर ना? खरं आहे. पण तो चेंडूवर नजर ठेवून धावता धावता शेवटच्या क्षणापर्यंत अंदाज सुधारत असतो. रस्त्याच्या मधोमध अंदाज सुधारायला जागा कुठली?

स्टिअरिंगमागे बसलेल्याचंही तेच. तासभर शंभरच्या वेगाने आल्यावर ६० म्हणजे रांगल्यासारखं वाटतं, म्हणून भोरच्या रस्त्याला लागताना काचेबाहेर नाही, काट्याकडे बघावं. उताराचंही तसंच. नवीन कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे जाणारा उतार घाट उतरलेल्या नजरेला सपाटीसारखा वाटू शकतो. तिथे २० नोव्हेंबर २०२२ ला एका ट्रकने ४८ च्या आसपास गाड्यांना धडक दिली, त्यानंतर न्यूट्रलवर गाडी सोडण्याबद्दल बरंच बोललं गेलं. पण उतार उतारासारखा दिसला, तर न्यूट्रलचा मोह तरी किती जणांना होईल?

तेव्हा भुयारी मार्ग किंवा पूल असेल तिथूनच जावं, चार पावलं जास्त पडली तरी. रात्री तर अंदाजच बांधू नये. दोन दिव्यांमधलं अंतर वाढताना निदान काहीतरी समजतं. एकच दिवा असला की तेही गेलं. तो मोटारसायकलचा असेल, नाहीतर एक डोळा फुटलेल्या ट्रकचा.