शेणखत आणि युरिया यांची जोडी

सोलापुराहून अक्कलकोटाकडे जातांना कुंभारी गांव लागतें. ह्या भागाची भाकर भातावर नव्हे, रब्बी ज्वारीवर चालते. तथापि कोंकणांतील भातकऱ्यापुढें जो प्रश्न आहे तोच येथील ज्वारीकऱ्यापुढेंहि आहे: पिकास शेणखत द्यावें कीं पोत्यांतील रासायनिक खत? कोणी म्हणतात, युरियानें जमीन मरते. कोणी म्हणतात, शेणखताचे दिवस सरले. ह्या वादांत शेतकऱ्याचा पैसा व जमिनीचा कस हीं दोन्ही गुंतलीं आहेत. म्हणून त्याचा शांतपणें विचार करूं.

१. प्रत्येकाचें काम. युरियांत शेंकडा ४६ भाग नत्र असतें व तें पिकास लवकर मिळतें. शेणखतांत शेंकडा सुमारें अर्धाच भाग असतें, आणि तेंहि सावकाश, कांहीं यंदा व कांहीं पुढल्या सालीं, मिळतें. परंतु शेणखतानें माती भुसभुशीत होते, पाणी मुरतें, आणि स्फुरद, पालाश व जस्त हींहि थोडथोडीं लाभतात. रब्बी ज्वारी मुख्यतः जमिनींत साठलेल्या ओलीवर वाढते. ओल नसेल तर युरिया पिकास लागत नाहीं. दुकानाची उधारी मात्र उरते. युरिया पिकास भरवितो, शेणखत जमिनीस पोसतें.

२. अनुभवाची साक्ष. इंदूर येथें आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनीं काडीकचरा व शेण यांचे थर रचून खत करण्याची रीत बसविली व ती १९३१ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. हॉवर्ड पुढें रासायनिक खतांचे कडवे विरोधक झाले. त्यांची रीत आजहि उपयोगी आहे. परंतु दोन्ही खतें एकत्र नांदूं शकतात, असें सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्रांतील दीर्घकालीन प्रयोगांत दिसून आलें. तेथें हेक्टरीं २५ किलो नत्र सुबाभळीच्या पाल्यांतून व २५ किलो युरियांतून दिलें असतां ज्वारीहि चांगली पिकली व मातींतील सेंद्रिय कर्बहि वाढला. कोंकणांतील चारसूत्री भातलागवडींतहि गिरिपुष्पाचा पाला चिखलांत गाडतात व पुढें चार चुडांच्या मध्यें युरिया-डीएपीची एक गोळी खोंवतात.

३. हिशेब. हेक्टरीं ५० किलो म्हणजे एकरीं २० किलो नत्र. त्यांतील १० किलो शेणखतांतून द्यावयाचें तर दोन टन, म्हणजे अर्ध्या टनाच्या चार गाड्या, लागतात. उरलेलें १० किलो सुमारें २२ किलो युरियांतून, म्हणजे ४५ किलोच्या अर्ध्या पोत्यांतून, मिळतें. जमीन हलकी असल्यास मात्रा कमी लागते. म्हणून आधीं मातीची परीक्षा करवावी.

४. सावधगिरी. पेरणीच्या तोंडावर कच्चें धसकट किंवा न कुजलेलें शेण घालूं नये. तें कुजविणारे सूक्ष्म जीव जमिनींतील नत्र स्वतःच घेतात व पीक पिवळें पडतें. युरिया उघड्यावर फेंकूं नये. आमच्या चुनखडीच्या काळ्या जमिनींत त्याचा बराच अंश हवेंत उडून जातो. दोन चाड्यांची पाभर घेऊन एकांत बी व दुसऱ्यांत खत घालून ओलींत पेरावें. उकिरडा उन्हापावसांत उघडा न ठेवतां शेण खड्ड्यांत भरून वर मातीचा थर द्यावा. जितक्या गोवऱ्या चुलींत जातात तितकें खत शेतास अंतरतें. म्हणून तुराट्यांनीं किंवा गॅसनें चूल चालत असेल तेथें शेण राखावें. हें काम घरांतील बायांस विचारूनच ठरवावें, कारण शेणाचा भार त्याच वाहतात.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न:
(१) आपल्या घरचें शेण वर्षभरांत कोठें जातें?
(२) गेल्या हंगामांत युरिया मातींत पेरला कीं वर फेंकला?
(३) यंदा एका एकरावर ही जोडी करून, शेजारच्या एकराशीं कडबा व दाणे यांची तुलना कोण करील?