कावीळ: समज आणि वस्तुस्थिती

पावसाळा आला की घराघरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते: "डोळे पिवळे झालेत, माळ घालून आणा." आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी अशी माळ घातली आहे आणि आपण बरेही झालो आहोत. मग माळेने गुण येतो असे का म्हणू नये? आज याच प्रश्नाचा विचार करू या.

रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्या मोडल्या की बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकते. यकृताला सूज आली किंवा पित्ताची वाट अडली की ते रक्तात साठते. डोळे पिवळे दिसतात, लघवी गडद होते. म्हणजे कावीळ हे लक्षण आहे. दूषित पाण्यातून येणारे हेपेटायटिस 'ए' व 'ई', रक्तातून पसरणारा 'बी', पित्ताशयातील खडे, लेप्टो, दारू यांपैकी कारण कोणते, हे नुसते डोळे पाहून कळत नाही. त्यासाठी रक्त तपासावे लागते.

समज १: माळ लांबली म्हणजे कावीळ उतरली.
वस्तुस्थिती: माळ ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या गाठींत अडकवून केलेली असते. काड्या सुकून आकसतात, गाठी सैल होतात आणि माळ लांबते. ती खुंटीला टांगली तरी लांबेल.

समज २: चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर पाणी पिवळे झाले म्हणजे कावीळ निघाली.
वस्तुस्थिती: हातांना आधी आंब्याच्या सालीचा रस चोळलेला असतो. चुना लागताच त्याला पिवळा रंग येतो. निरोगी माणसाचे हात धुतले तरी हेच घडेल.

समज ३: हळद, तेल, तूप बंद, फक्त उसाचा रस द्यावा.
वस्तुस्थिती: हळदीने कावीळ होत नाही व वाढतही नाही. मळमळ नसेल तर घरचे साधे जेवण चालते. दारू मात्र पूर्ण बंद हवी. गाडीवरच्या रसातील बर्फ अस्वच्छ पाण्याचा असेल, तर त्यातूनच कावीळ होऊ शकते.

मग माळ घालणारे बरे कसे होतात? 'ए' व 'ई' प्रकारचे बहुतेक रोगी काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. काम शरीर करते, श्रेय माळेला मिळते. माळेने इजा होत नाही. घात होतो तो वाया गेलेल्या दिवसांनी. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत 'ई' झाल्यास शंभरातील २० ते २५ मातांचा मृत्यू ओढवू शकतो. लेप्टोवर औषध आहे, पण ते वेळेवर मिळाले पाहिजे.

रोगी गुंगीत जाऊ लागला, असंबद्ध बोलू लागला, उलट्या थांबेनात, रक्तस्राव झाला, किंवा कावीळ झालेली व्यक्ती गरोदर स्त्री अथवा तान्हे बाळ असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पाणी उकळून प्यावे, जेवणापूर्वी व शौचानंतर साबणाने हात धुवावेत. नवजात बाळाला २४ तासांच्या आत हेपेटायटिस 'बी'ची लस द्यावी.

आणि आजीने मायेने माळ आणलीच, तर तिच्याशी वाद नको. माळ गळ्यात राहू द्या. पण त्याच दिवशी रक्तही तपासून घ्या.