‘थांब’ म्हटलं तरी काम का थांबत नाही?

प्रश्न : सिंहस्थ २०२८ डोळ्यांसमोर ठेवून यात्रेकरूंसाठी खोल्या शोधून आरक्षित करणारं अ‍ॅप सी-शार्पमध्ये लिहितो आहे. ‘रद्द करा’ दाबल्यावर मी कॅन्सलेशन टोकनला इशारा देतो, तरी मागचा शोध चालूच राहतो. टोकन बिघडलंय का?
— एक वाचक, उज्जैन

उत्तर : टोकन ठणठणीत आहे. ते काम थांबवत नाही, थांबण्याची विनंती फक्त पोहोचवतं. २०१० मधल्या डॉटनेट ४ पासून ही रचना मुद्दामच अशी आहे. बाहेरून काम मध्येच तोडलं तर अर्धवट नोंदी आणि विस्कटलेला डेटा मागे राहतो. जावाने थ्रेडचं ‘स्टॉप’ १९९८ मध्येच त्याज्य ठरवलं ते अशाच धोक्यामुळे.

तेव्हा टोकन प्रत्येक असिंक फंक्शनमधून पुढे द्या, थेट एचटीटीपी आणि डेटाबेसच्या कॉलपर्यंत. माझा अंदाज, तुमची साखळी तिथेच तुटली आहे. लांबलचक लूप असेल तर दर फेरीत ‘थ्रो इफ कॅन्सलेशन रिक्वेस्टेड’ बोलवा. सगळे एक्सेप्शन गिळणारा ‘कॅच’ कुठे दडलाय का, तेही बघा. रद्द झाल्याची बातमी तिथेच गडप होते. (पायथॉनच्या असिंकआयओमध्ये हीच डोकेदुखी होती. ३.८ मध्ये त्यांनी ‘कॅन्सल्ड एरर’ला ‘एक्सेप्शन’च्या वंशावळीतूनच बाहेर काढलं!)

पैसे कापले गेल्यानंतरची नोंद मात्र अडवू नका. तिथे ‘कॅन्सलेशन टोकन डॉट नन’ द्या, आणि यात्रेकरूला रद्दच करायचं असेल तर परताव्याची वेगळी वाट ठेवा.