बिअरचा साका आणि बाळाचा पाठकणा

बिअर करताना मोड आणून वाळविलेल्या जवाच्या गोड अर्कात यीस्ट मिसळतात. ते साखरेचे मद्यार्क व कर्बवायूत रूपांतर करते आणि स्वतः कैक पटींनी वाढते. बाटल्या भरण्यापूर्वी तळाचा साका वेगळा काढतात. थोडा पुढील खेपेस विरजणासारखा वापरतात, उरलेला टाकाऊ ठरतो. इंग्लंडमधील बर्टन येथे १९०२ पासून या टाकाऊ यीस्टचा ‘मार्माइट’ नावाचा अर्क बनू लागला.

१९२८ मध्ये डॉ. ल्युसी विल्स मुंबईस आल्या. गिरणी कामगार स्त्रियांना गरोदरपणी होणाऱ्या घातक रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. मार्माइट दिल्यावर रुग्णांचे रक्त सुधारले; १९३१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यातील गुणकारी घटक म्हणजेच फोलेट.

बालरोगतज्ज्ञ या नात्याने मला याचे मोल निराळे वाटते. गर्भाची मज्जानलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. तोवर अनेकींना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. ती उघडी राहिल्यास बाळ पाठीवर गाठ व पायांत लुळेपणा घेऊन जन्मू शकते. पूर्वी असे मूल झालेल्या मातांत फोलिक आम्लाने पुनरावृत्तीचा धोका सुमारे ७२ टक्क्यांनी घटतो, हे १९९१ च्या ब्रिटिश अभ्यासाने दाखविले.

म्हणून कमरीपेठेतील नवविवाहितांना माझे आग्रहाचे सांगणे: गर्भधारणेच्या किमान एक महिना आधीपासून पहिले तीन महिने संपेपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल घ्यावे. पूर्वी असे बाळ झाले असल्यास मात्रा ४ मिलिग्रॅम, तीही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. बिअर हा मात्र त्यास पर्याय नव्हे. गरोदरपणी मद्याची कोणतीही मात्रा सुरक्षित मानलेली नाही.