‘बिन’, ‘कोम’ आणि सुहूर सन

आपल्या बिट्टन मार्केट परिसरातील एखाद्या मराठी घरी मोडी लिपीतील जुनी वंशावळ निघाली, तर ती सावधपणे वाचावी. ‘रामजी बिन संताजी’ म्हणजे संताजीवाचून रामजी नव्हे. अरबीतून आलेल्या या ‘बिन’चा अर्थ पुत्र. ‘सखू कोम रामजी’ म्हणजे रामजीची पत्नी सखू. येथे ‘कोम’ म्हणजे जात नव्हे. ‘सलास खमसैन मया व अलफ’ ही तीन, पन्नास, शंभर व हजार यांची बेरीज, म्हणजे सुहूर सन ११५३. त्यात महिन्यानुसार ५९९ किंवा ६०० मिळविल्यास इसवी सन १७५२-५३ येतो. एक शब्द चुकला की पुत्र परका ठरतो, पत्नी वंशावळीतून गळते. म्हणून असा कागद रद्दीत घालण्यापूर्वी मोडी जाणणाऱ्यास अवश्य दाखवावा.