अपत्यप्राप्तीचे उपचार : एकेक पायरीने

विवाहानंतर काही वर्षे लोटली आणि घरात पाळणा हलला नाही, की साऱ्यांची बोटे प्रथम सुनेकडे वळतात. नवससायास होतात. ते फळले नाहीत, तर कर्ज काढून थेट ‘टेस्ट ट्यूब बेबी’चा मार्ग धरला जातो. वस्तुतः अनेक स्त्रियांच्या बाबतीत मूळ कारण संप्रेरकांच्या, म्हणजेच हार्मोन्सच्या, असंतुलनात असते आणि त्यावरील उपचार पुष्कळदा साध्या गोळ्यांनीच सुरू होतात.

कारण कोणते?

मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीची संप्रेरके बीजांडकोशांना चालना देतात व सामान्यतः दरमहा एक परिपक्व स्त्रीबीज बाहेर पडते. ही साखळी तुटली, की पाळी अनियमित होते किंवा थांबते. १९३५ साली स्टाइन व लेव्हेंथाल या अमेरिकन डॉक्टरांनी वर्णन केलेला आणि आज ‘पीसीओएस’ म्हणून ओळखला जाणारा विकार हे याचे प्रमुख कारण होय. थायरॉइडचे विकार व प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे आधिक्य ही अन्य कारणे. ती रक्ततपासणीने कळतात. मात्र दोष पुरुषातही असू शकतो. म्हणून पतीची वीर्यतपासणी आरंभीच झाली पाहिजे.

वर्षभर प्रयत्न करूनही गर्भधारणा न झाल्यास, आणि पत्नीचे वय पस्तिशीपुढे असल्यास सहा महिन्यांनीच, दोघांनी मिळून तज्ज्ञांकडे जावे.

उपचारांचा क्रम

वजन अधिक असल्यास ते थोडे उतरले तरी पाळी सुधारण्यास साहाय्य होते. त्यानंतर स्त्रीबीज परिपक्व करणाऱ्या गोळ्या दिल्या जातात. पीसीओएस असलेल्या ७५० स्त्रियांच्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के, तर जुने क्लोमिफीन घेणाऱ्यांपैकी १९.१ टक्के स्त्रियांना अपत्य झाले. गोळ्यांनी यश न आल्यास संप्रेरकांची इंजेक्शने देतात आणि शरीराबाहेर फलन घडविण्याची पद्धती बहुधा त्यानंतर येते. गर्भनलिका बंद असल्यास वा पुरुषात गंभीर दोष असल्यास मात्र तिचा विचार आधीच करावा लागतो. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांनी ६ ऑगस्ट १९८६ रोजी या पद्धतीने बालक जन्मास आले.

पीसीओएस असलेल्या स्त्रियांचे बीजांडकोश इंजेक्शनांना प्रमाणाबाहेर प्रतिसाद देऊ शकतात. पोट फुगणे, धाप लागणे, लघवी कमी होणे ही लक्षणे दिसताच विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

कायद्याचे संरक्षण

सहाय्यक जननतंत्रज्ञान (नियमन) अधिनियम, २०२१ हा २५ जानेवारी २०२२ पासून अमलात आला. त्यानुसार अशा केंद्रांना नोंदणी अनिवार्य आहे. ही सेवा २१ ते ५० वर्षे वयाच्या स्त्रियांना व २१ ते ५५ वर्षे वयाच्या पुरुषांना घेता येते. यशाची शक्यता, खर्च, धोके, तसेच दत्तक घेण्याचा पर्याय यांची माहिती देणे व लेखी संमती घेणे केंद्रावर बंधनकारक आहे. लिंगनिवडीस सक्त मनाई आहे.

तेव्हा पैसे भरण्यापूर्वी दांपत्याने तीन प्रश्न अवश्य विचारावेत : आमच्या बाबतीत कारण कोणते, यापूर्वीची कोणती पायरी शिल्लक आहे आणि केंद्राची नोंदणी कोठे आहे? कारण नीट समजले, तर अनाठायी खर्च टळेल आणि सुनेच्या माथी विनाकारण येणारा दोषही.